दोन पेशंट, एकच नाव आणि दोघींचा वाढदिवस १ जून

आधी पत्र देते. थोडं लहान केलंय, बाकी शब्द त्यांचेच.

"नमस्कार ताई. दिंडोरी रोडला माझा छोटा दवाखाना आहे, नऊ वर्षं झाली. मी, एक कंपाउंडर दादा आणि रिसेप्शनला एक मुलगी, एवढेच आम्ही. रोजचे ५०-६० पेशंट. निम्मे आसपासच्या कॉलनीतले, निम्मे पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला आलेले. दोन वर्षांपूर्वी केसपेपर बंद करून ओपनईएमआर हे पेशंटच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. गेल्या महिन्यात एका सकाळी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका आल्या. मी एकीची फाईल उघडून दुसरीला ॲमॉक्सिसिलिन लिहिलं, ते पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे आणि ती नोंद तिच्या फाईलवर होती, मी उघडलेल्या फाईलवर कुठून दिसणार. कंपाउंडर दादांना तिचा चेहरा आठवला म्हणून गोळी हातात गेली नाही. तेव्हापासून वाटतंय की प्रत्येक फाईलला फोटो लावायचा. पण रिसेप्शनची मुलगी म्हणते बायका फोटो काढू देणार नाहीत, भाचा म्हणतो मावशी मोबाईलने काढ आणि गूगल ड्राइव्हला टाक, मिस्टर म्हणतात नवीन कायदा आलाय, उगीच अंगावर घेऊ नको. माझंच चुकलं हे मला माहितीये. आता काय करू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. फोटो लावा. नक्की लावा. पण तुम्ही जे शेवटी लिहिलंय ना, माझंच चुकलं, त्यावर आधी बोलते, कारण तिथून सुरुवात केली नाही तर फोटो लावूनही हीच चूक परत होईल.

मी नाशिकमधे सोळा वर्षं दवाखान्यांच्या रेकॉर्डचंच काम केलंय, कागदाच्या केसपेपरपासून कॉम्प्युटरपर्यंत. आणि ही चूक माझ्या घरात झालेली आहे. माझी आई थायरॉईडची २५ ची गोळी घ्यायची. ज्या दवाखान्यात ती जायची तिथे तिच्याच नावाच्या दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांची गोळी १०० ची. एकदा फाईल बदलली आणि आई घरी आली ती १०० ची बाटली घेऊन. डॉक्टर बदलून देतात कधी कधी, तसं असेल म्हणून तिने मुकाट्याने खाल्ली. ही गोळी लगेच काही दाखवत नाही, हळूहळू अंगात साठत जाते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी तिला छातीत धडधड व्हायला लागली, झोप उडाली, हात थरथरायला लागले, आणि आम्ही समजत होतो टेन्शन असेल, कारण तेव्हा धाकट्या भावाचं लग्न होतं घरात. बाटलीवरचा आकडा मी सहज वाचला म्हणून कळलं. ते डॉक्टर खूप चांगले होते, आणि आईला विचारलं गेलं होतं हो, "तुम्हीच ना अमुक अमुक?" आणि आई म्हणाली "हो". खोटं कुठे बोलली ती? तिचं नाव तेच होतं ना.

म्हणून सांगते, यात एकट्या तुमची चूक नाहीये. पुस्तकात काय असतं की पेशंट ओळखायला किमान दोन खुणा बघा, नाव आणि जन्मतारीख. ही पद्धत जिथे बसवली गेली तिथे ठीक असेल. आपल्याकडे बघा. पेठ-सुरगाण्याकडचे लोक म्हटले की गावित, भोये, पवार, महाले, चौधरी ही पाच-सहा आडनावं फिरून फिरून येणार, आणि बायकांची नावं म्हणाल तर एका पिढीत तीच दहा-पंधरा. जन्मतारीख विचारली तर निम्म्या लोकांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली, आणि पुढे आधारवर, रेशनकार्डवर तीच चढत गेली. साल तरी वेगळं असेल म्हणावं तर तेही अंदाजे, तीन वेळा विचारलं तर तीन सालं. मग मोबाईल नंबर? तो घरात एकाकडे, नवऱ्याचा नाहीतर मुकादमाचा, एका नंबरवर तुमच्याकडे सात-आठ पेशंट सापडतील, आजच सर्च करून बघा. वर टाईप करताना एक जण गावित लिहितो, दुसरा गावीत, इंग्रजीत टाकलं तर आय एक की दोन, त्यामुळे एकाच बाईच्या तीन फाईली आणि तीन बायकांची एक फाईल असं दोन्ही बाजूंनी होतं. माहेरचं-सासरचं आडनाव तर वेगळंच प्रकरण. अशा वेळी चेहरा ही एकच खूण उरते जी दुसऱ्याशी जुळत नाही. तुमच्या कंपाउंडर दादांनी तेच केलं, चेहऱ्याने ओळखलं. पण उद्या दादा गावी गेले तर?

फोटोने फरक पडतो हे नुसतं माझं मत नाही. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने २०१७ ते २०१९ या काळात त्यांच्या इमर्जन्सी विभागातल्या २५ लाखांहून जास्त ऑर्डरी तपासल्या. ज्या पेशंटचा फोटो स्क्रीनवर होता त्यांच्या बाबतीत भलत्याच्या नावावर औषध किंवा तपासणी टाकली जाण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी निघालं. त्याच्या आधी कोलोरॅडोच्या मुलांच्या हॉस्पिटलने २०११ मधे ऑर्डर टाकताना पेशंटचा फोटो समोर येईल अशी स्क्रीन बसवली होती, तिथेही चांगला अनुभव आला. आता ती मोठी हॉस्पिटलं, तुमचं दोन खोल्यांचं क्लिनिक, पण चूक होते ती तशीच होते बघा, हात यादीवर चालतो, डोकं पुढच्या पेशंटवर असतं आणि सारखं नाव दिसलं की क्लिक होऊन जातं. तिथे एक चेहरा दिसला की हात थांबतो.

म्हणून पहिली गोष्ट ही बघा की फोटो दिसतो कुठे. ओपनईएमआरमधे कागदपत्रांच्या भागात पेशंट इन्फर्मेशन नावाची कॅटेगरी आहे आणि तिच्या आत पेशंट फोटोग्राफ. तिथे टाकलेला फोटो पेशंटच्या डॅशबोर्डवर, म्हणजे फाईलच्या पहिल्या पानावर, आपोआप दिसतो, वेगळं काही विकत घ्यायला नको. भलत्या कॅटेगरीत टाकलात, समजा लॅब रिपोर्टमधे, तर तो पडून राहतो आणि समोर येत नाही, आणि रिसेप्शनच्या मुलीला वाटतं आपण टाकलाय की. मग तुमच्या खुर्चीत बसून बघा, औषध लिहायचं पान उघडल्यावर तो फोटो दिसतोय का. व्हर्जनप्रमाणे फरक पडतो. दिसत नसेल तर सवय अशी लावायची की यादीतून थेट औषधाच्या पानावर उडी नाही, आधी डॅशबोर्ड, चेहरा बघायचा, समोरच्या माणसाकडे बघायचं, मग पुढे. दोन सेकंद लागतात. आणि कंपाउंडर दादांच्या खिडकीत जिथून गोळ्या जातात तिथेही एक स्क्रीन असेल तर फार बरं, कारण तुमच्याकडून निसटलेलं तिथे सापडतं, यावेळी सापडलं तसं.

आता सगळ्यात जास्त जीव तोडून जे सांगायचंय ते. चुकीचा फोटो हा फोटो नसण्यापेक्षा वाईट. फोटो नसेल तर माणूस जरा तरी सावध असतो, फोटो असला की आपण विश्वास टाकतो. आणि चुकीचा फोटो लागतो कधी, तर जेव्हा सकाळपासून वीस जणांचे फोटो काढून ठेवले आणि संध्याकाळी निवांत बसून एकेक अपलोड केले तेव्हा. वीस चेहरे, वीस नावं, त्यात दोन गावित, झालं. हे मी डोळ्यांनी बघितलंय एका दवाखान्यात, दोन महिन्यांनी कळलं की जावा-जावांचे फोटो उलटे लागलेत, आणि तोपर्यंत सगळे त्या फोटोवर बिनधास्त. म्हणून नियम एकच आणि तो मोडायचा नाही. पेशंट समोर, त्याची फाईल उघडलेली, नाव त्याच्या तोंडून ऐकलेलं, मग क्लिक, तिथल्या तिथे अपलोड, डॅशबोर्डवर दिसला का बघायचं, मगच पुढचा नंबर. गर्दीत जमत नसेल तर त्या दिवशी फोटो काढू नका, पण साठवून ठेवू नका.

अजून एक होतं, ते म्हणजे आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला मुलगा येतो आणि रिसेप्शनवर नाव सांगतो आईचं. फाईल उघडते, कॅमेरा तयार असतो, आणि आईच्या फाईलवर मुलाचा फोटो. त्यामुळे पहिला प्रश्न, "पेशंट कोण आहे?" तो समोर नसेल तर फोटो नाही.

आणि फोटो आला म्हणून नाव विचारणं सोडू नका. फक्त विचारायची पद्धत बदला. "तुम्ही सुरगाण्याच्या ना?" असं विचारलं की आपले लोक मान डोलावतात, डॉक्टरांना नाही कशाला म्हणायचं म्हणून. म्हाताऱ्या माणसांना नीट ऐकू आलेलं नसतं तरी हो म्हणतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा" असं विचारायचं, म्हणजे उत्तर त्यांच्याकडून येतं. माझ्या आईला कुणी असं विचारलं असतं तर गावाच्या नावावरच फरक कळला असता.

भाच्याचं प्रेम समजतं पण मोबाईल नको, ताई. अजिबात नको. रिसेप्शनच्या मुलीचा फोन म्हणजे तिच्या घरचा फोन, त्यात तिच्या लहान भावाचा गेम पण असतो आणि गूगल फोटोजचं बॅकअप चालू असतं, म्हणजे तुमच्या पेशंटचे चेहरे तिच्या जीमेलवर चढले. फोन बदलला, दुकानात दुरुस्तीला दिला, विकला, ते फोटो कुठे गेले कुणाला माहीत. व्हॉट्सॲपने कॉम्प्युटरवर पाठवला तर अजून एक प्रत, दोन्ही फोनच्या गॅलरीत एकेक. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमधे जागा पण नोंदली जाते. गूगल ड्राइव्हचं पण तेच, भाच्याच्या अकाउंटवर फोल्डर केला, लिंक शेअर केली, उद्या भाचा पुण्याला नोकरीला गेला की ते फोल्डर कोणाच्या ताब्यात?

त्यापेक्षा एमजी रोडला जाऊन साधा यूएसबी वेबकॅम घ्या, दोन हजारांच्या आत मिळतो, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला लावा आणि तो तिथेच राहू दे. फार भारी नको, ७२० पी पुष्कळ. मागे साधी भिंत, समोरून उजेड. खिडकी पेशंटच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा येतो, हे बहुतेक दवाखान्यांत होतं कारण काउंटरची तोंडं रस्त्याकडे असतात, तर तेवढं बघून घ्या. फोटो खांद्यापासून वर, छोटा, ५० केबीच्या आसपास. पाच हजार पेशंट धरले तरी सगळे मिळून २५० एमबी होतील. तेच मोबाईलचे चार-चार एमबीचे टाकलेत तर २० जीबी, आणि प्रत्येक फाईल उघडताना तुमचं नेट नाहीतर जुना कॉम्प्युटर रडणार.

यात दोन खाचा आहेत ज्या कॉम्प्युटरवाला सांगत नाही. विंडोजच्या कॅमेरा ॲपने फोटो काढला की तो पिक्चर्समधल्या कॅमेरा रोल फोल्डरमधे पण राहतो, आणि वनड्राइव्ह चालू असेल तर तिथून क्लाउडवर जातो. तर वनड्राइव्हमधून तो फोल्डर बंद करा आणि रोज रात्री दवाखाना बंद करताना कॅमेरा रोल रिकामा करायचा, रिसायकल बिनसकट. आणि दुसरी खाच अशी की पुढेमागे कुणी तुम्हाला ब्राउझरमधून थेट फोटो काढायचं बटण करून दिलं, आणि सर्व्हर असेल शेजारच्या खोलीत आणि तुम्ही नुसत्या एचटीटीपीने, म्हणजे सुरक्षित नसलेल्या पत्त्याने, सर्व्हरचा आयपी नंबर टाकून उघडत असाल, तर क्रोम कॅमेरा उघडूच देणार नाही. कॅमेरा खराब म्हणून लोक नवा कॅमेरा आणतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो, ब्राउझर एचटीटीपीएस (सुरक्षित पत्ता) असल्याशिवाय कॅमेरा देत नाही, किंवा मग सर्व्हर आणि ब्राउझर एकाच मशीनवर असला तर देतो. एचटीटीपीएस तसंही करून घ्यायलाच हवं.

बॅकअपचं विचारलं नाहीत, पण सांगते, कारण इथे भलेभले फसतात. ओपनईएमआरमधे पेशंटची माहिती डेटाबेसमधे असते पण फोटो आणि स्कॅन हे सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमधे असतात, साईट्सच्या आत डिफॉल्ट, त्याच्या आत डॉक्युमेंट्स. तुमचा माणूस जर फक्त डेटाबेसचा बॅकअप घेत असेल तर ज्या दिवशी हार्डडिस्क जाईल त्या दिवशी नावं परत येतील, चेहरे येणार नाहीत. आणि फाईली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून ठेवायची सोय चालू असेल, असावीच, तर त्यांच्या किल्ल्या काही डेटाबेसमधे काही फोल्डरमधे असतात, म्हणून दोन्हीचा बॅकअप एकाच वेळचा लागतो. त्याला एकदा सांगा की माझ्यासमोर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून दाखव. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

आता बायका फोटो देतील का. रिसेप्शनची मुलगी घाबरतेय ते बरोबर आहे, ती त्याच लोकांतली असेल तर तिला जास्त कळतं. पण माझा अनुभव सांगते. कारण सांगितलं तर बहुतेक जणी देतात. कारण न सांगता "इकडे बघा" म्हणून कॅमेरा फिरवला तर नाही देत, आणि का द्यावा? फोटोचं काय काय होतं हे त्यांनी पण ऐकलेलं असतं. त्यांना सरळ सांगायचं, माझ्याकडे एक वाक्य तयार आहे, तसंच्या तसं मोठ्या अक्षरात काउंटरवर लावा आणि मुलीला तोंडाने पण म्हणायला लावा:

"तुमच्या नावाचे दुसरे पेशंट पण आमच्याकडे येतात. त्यांचं औषध चुकून तुम्हाला जाऊ नये म्हणून तुमच्या फाईलला फोटो लावतो. फोटो फक्त दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधे राहील, बाहेर कुठेही जाणार नाही. नको असेल तर सांगा, तपासणी आणि औषध तसंच मिळेल."

शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं. कुणी नाही म्हणालं की "बरं" म्हणायचं आणि पुढे जायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही त्या दिवशी. त्यांच्या फाईलवर एक टीप टाका, "फोटो नको म्हणाल्या, सारख्या नावाच्या दुसऱ्या पेशंट आहेत, गाव विचारा". ही सारख्या नावाची टीप फोटो असला तरी टाका.

डोक्यावरचा पदर काढायला सांगू नका. नथ, टिकली, टोपी, चष्मा, रोज जसा माणूस येतो तसाच राहू दे, कारण ओळखायचंय ते रोजच्या रूपात. चेहरा दिसला की झालं. जुन्या नाशकातून किंवा मालेगावकडून बुरख्यातल्या बायका येत असतील तर फोटो बाईनेच काढायचा, आत पडद्यामागे, आणि तो स्क्रीनवर कोण कोण बघणार तेही सांगायचं. तुमचे कंपाउंडर दादा बघणार असतील तर तसं सांगा, लपवू नका. नाही म्हणाल्या तर नाही. हो, आणि रिसेप्शनचा मॉनिटर रांगेकडे तोंड करून असतो बऱ्याच ठिकाणी, तो आधी फिरवा. रांगेतल्या माणसाला शेजारीण कशासाठी येते हे फोटोसकट दिसायला लागलं तर त्या बाईने तुमच्यावर टाकलेला भरवसा गेला.

काही पेशंट असे असतात ज्यांना फोटोची भीती वेगळी असते. एचआयव्ही, टीबी, मानसोपचाराच्या गोळ्या, गर्भपात. गर्भपाताच्या बाबतीत तर बाईची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. यांच्या बाबतीत फोटोचा आग्रह शून्य.

मिस्टर कायद्याचं म्हणतात ते खरं आहे, पण त्यात फोटो काढू नका असं काही नाहीये. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेत. तुमच्यापुरतं सांगायचं तर कशासाठी घेतोय ते सोप्या भाषेत सांगा, मराठीत सांगा, तेवढ्याच कामासाठी वापरा, नंतर नको म्हणाले तर काढून टाकायची वाट ठेवा, आणि नीट सांभाळा. सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. हा आकडा ऐकूनच मिस्टर घाबरले असतील. ती वरची मर्यादा आहे, छोट्या दवाखान्याला लगेच तेवढा लागतो असं नाही, पण भाच्याचं गूगल ड्राइव्ह मी का नको म्हणते ते यावरून त्यांना पटेल. डॉक्टरांचे जुने २००२ चे नियम तुम्हाला माहीतच आहेत, दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं, पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय कुठे छापायचा नाही. फाईलवरचा फोटोही रेकॉर्डचाच भाग समजून वागा. दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर, दिवाळीच्या शुभेच्छांच्या बॅनरवर "आमचे समाधानी पेशंट" म्हणून यातला एकही फोटो जाता कामा नये, कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी.

आभा कार्ड, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, ज्यांच्याकडे आहे त्यांचा १४ आकडी नंबर फाईलवर टाका, दोन सारखी नावं वेगळी करायला तो फार उपयोगी, पण ते काढणं ऐच्छिक आहे, नसेल तर अडवू नका. त्यावरचा फोटो बहुतेकदा आधारवरून आलेला असतो आणि आधारचा फोटो कित्येकांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा, त्यात माणूस स्वतःलाच ओळखत नाही. तो फाईलला लावू नका. आधार कार्डाचा फोटो काढून ठेवायची पण गरज नाही, जितकं कमी गोळा कराल तितकं कमी सांभाळायचं.

मुलांचं थोडं वेगळं. १८ च्या आतल्यांसाठी आई-वडिलांची परवानगी घ्या. आणि बाळाचा फोटो सहा महिन्यांत निरुपयोगी होतो, तान्ही बाळं तशीही सारखीच दिसतात. वर आपल्याकडे जन्मल्यावर नोंद असते "बेबी ऑफ" आणि आईचं नाव, बारशानंतर नाव बदलतं आणि दुसरी फाईल तयार होते, लसीच्या नोंदी दोन ठिकाणी. तिथे बारशानंतर पहिल्यांदा आले की जुनीच फाईल शोधून नाव बदला. पाच वर्षांपर्यंत दरवर्षी फोटो नवा, जुळ्यांच्या फाईलवर मोठ्या अक्षरात "जुळं" लिहा. मोठ्या माणसांचा चार-पाच वर्षांनी किंवा फार बदल दिसला की.

आणि जखमेचे, पुरळाचे, मधुमेहाच्या पायाचे फोटो तुम्ही काढतच असाल. ते पेशंट फोटोग्राफच्या कॅटेगरीत टाकू नका. ते उपचाराचे फोटो, त्यांची परवानगी वेगळी घ्यायची, जागा वेगळी आणि रिसेप्शनला ते दिसायची गरज नाही. एका ठिकाणी मी बघितलंय, बाईच्या डॅशबोर्डवर चेहऱ्याऐवजी तिच्या छातीवरच्या गळवाचा फोटो. ती बाई काउंटरला उभी होती आणि स्क्रीन तिला दिसत होती. तिचा चेहरा मी अजून विसरले नाहीये.

सुरुवात कशी करायची ते आता. सगळ्या जुन्या फाईलींच्या मागे लागू नका. सोमवारी सुरू करू नका, बुधवार-गुरुवार दुपारचं बघा. आणि बागांच्या छाटणीच्या दिवसांत, ऑक्टोबरमधे, जेव्हा टोळ्याच्या टोळ्या एकदम येतात तेव्हा तर नकोच, त्याच्या आधी हात बसलेला असू दे. पहिले दोन आठवडे फक्त दोन प्रकारचे पेशंट घ्या, ज्यांना कसलीतरी ॲलर्जी लिहिलेली आहे ते आणि ज्यांच्या नावाचं दुसरं कुणी तुमच्या यादीत आहे ते. ही यादी रिसेप्शनची मुलगी एका दुपारी काढून देईल. मग शुगर-बीपीचे जे दर महिन्याला येतात ते. मग नवीन येणारा प्रत्येक जण. अर्धा मिनिट लागतं एकाला, दिवसाला दहा-बारा झाले तरी सहा महिन्यांत तुमचे नेहमीचे सगळे होतील. आणि हे काम करताना एकाच माणसाच्या दोन-तीन फाईली सापडतील तेव्हा घाईने एकत्र करू नका, त्या माणसाला समोर बसवून, जुनी औषधं विचारून, ती फाईल तुम्ही स्वतः एकत्र करा, ते रिसेप्शनवर सोडू नका.

ताई, त्या ॲलर्जीवाल्या बाईला झालेला प्रकार सांगितलात का? पत्रात ते नव्हतं. सांगा तिला. गोळी हातात गेली नाही तरी सांगा, की तुमच्या नावाच्या अजून एक आहेत आणि माझ्याकडून त्या दिवशी फाईल चुकली होती. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे एका कार्डावर मराठीत लिहून तिच्या हातात द्या, ती उद्या दुसऱ्या दवाखान्यात, सिव्हिलला, कुठेही जाईल, आणि तिथे तुमचे कंपाउंडर दादा नसणार. आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही शोधून काढलं आणि विचारायला गेलो तर उडवाउडवी झाली, आईला गोळीपेक्षा ते जास्त लागलं. पहिला फोटो तिचा काढा, दुसरा तिच्या नावाच्या त्या बाईचा, दोघी समोर असताना, दोघींची गावं विचारून. दादांना पण तिथे उभं करा.